चुकांची वही

माझ्याकडे दोनशे पानांची एक जाड वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर मी पूर्वी कधीतरी ‘चुका’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि शाई पुसट झाली असली तरी तो शब्द अजून खोडलेला नाही. देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलांच्या वह्या तपासताना जे अनपेक्षित दिसेल ते तारीख घालून या वहीत उतरवायचे, ही सवय मला नोकरीच्या आठव्या वर्षानंतर लागली, म्हणजे बिनपगारी रजा घेऊन पुण्याला डेक्कन कॉलेजात दोन वर्षे भाषाविज्ञान शिकून परत आल्यावर. त्याआधी चूक ही जपून ठेवण्याजोगी वस्तू असते असे मला कधी वाटले नव्हते. चूक दिसली की तिच्याभोवती लाल गोल करायचा, वर शुद्ध रूप लिहायचे आणि ते पाच वेळा लिहून आणायला सांगायचे, एवढे मला येत होते. आणि ते मी अत्यंत मन लावून करत असे.

त्या जुन्या दिवसांतला एक निबंध मला जवळजवळ पाठ आहे. आठवीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘आई बाजारात मासे इकते. येताना तिने एकशे ईस रुपयांचा नवा इळा आणला. तिला यायला येळ झाला.’ तीन ओळींत चार गोल झाले. खाली मी ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असा शेरा दिला आणि पुढची वही घेतली. मी स्वतः कुडाळकडच्या खेड्यातली. माझ्या घरीही विळ्याला इळोच म्हणत. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्या चार शब्दांवर माझा लाल पेन जरा जास्त जोरात फिरला असावा.

पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात एका तासाला फळ्यावर कोणत्या तरी अपरिचित भाषेतले तीसेक शब्द अर्थांसह लिहिले गेले आणि आम्हाला विचारण्यात आले की यातले अमुक दोन ध्वनी कोठे येतात आणि कोठे येत नाहीत ते शोधा. ती भाषा वर्गात कोणालाच येत नव्हती. तिच्यातले शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हातात उरले ते केवळ पाहणे: या ध्वनीच्या आधी काय येते, नंतर काय येते, अपवाद आहे का, असल्यास तो कशामुळे. भाषेची शिक्षिका म्हणून आठ वर्षे काढल्यावर मी पहिल्यांदाच निवाडा न करता शब्दांकडे पाहत होते. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मला त्या मुलाचे चार शब्द आठवले आणि मी ते कागदावर मांडले. विकणे, वीस, विळा या तिन्हींत ‘व’च्या पुढे इ किंवा ई आहे आणि तिन्हींत ‘व’ नाहीसा झाला आहे. वेळ, वेगळा, वेडा यांत ‘व’च्या पुढे ए आहे आणि तेथे ‘य’ आला आहे. वाट, वारा, वड, वाघ यांतला ‘व’ मात्र जागचा हलत नाही. आमच्याकडचे कोणीही वाघाला आघ म्हणत नाही. मुलाने चार चुका केल्याच नव्हत्या. त्याने एकच नियम चार ठिकाणी पाळला होता आणि तो इतका काटेकोर होता की मी शिकवलेल्या कोणत्याही नियमाच्या बाबतीत वर्गाकडून मला इतका प्रामाणिकपणा कधी लाभला नव्हता. हा नियम केवळ आमचा आहे असेही नाही. महाराष्ट्राच्या पुष्कळ ग्रामीण बोलींत तो आढळतो.

परत आल्यावर मी त्याच नियमावरून शिकवायला सुरुवात केली. ‘इ’ आणि ‘ये’ यांनी सुरू होणाऱ्या घरच्या शब्दांची यादी मुलांकडूनच करून घेतली आणि त्यांतले कोणते शब्द पुस्तकात ‘व’ने सुरू होतात ते शोधायला लावले. यश आले, परंतु थोड्याच दिवसांत एका मुलाच्या वहीत वाक्य सापडले: ‘मी गणवेशाला विस्त्री केली.’ पूर्वी मी यावर हसले असते आणि शिक्षकखोलीतही ते वाचून दाखवले असते. आता मला त्यात त्या मुलाची सगळी धडपड दिसली. घरच्या ‘इ’मागे पुस्तकात ‘व’ दडलेला असतो, हे त्याने नीट आत्मसात केले होते आणि बिचाऱ्या इस्त्रीलाही तो प्रामाणिकपणे बहाल केला होता. जो नियम शिकला नाही त्याच्या हातून अशी चूक होऊच शकत नाही. माझ्या वहीतली ती पहिली नोंद आहे.

येथे मला माझ्याबद्दलही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुण्यात घरून फोन आला की मी व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन बोलत असे, कारण ‘माका’, ‘खंय’, ‘कित्याक’ हे शब्द मैत्रिणींच्या कानी पडू नयेत असे मला वाटे. याच काळात ग्रंथालयात अ. मा. घाटगे यांचे बोलींच्या सर्वेक्षणमालेतले 1965 सालचे पुस्तक हाती आले. त्याचा विषय होता कुडाळी, म्हणजे आमचीच मालवणी. मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन लपवत होते ते सगळे तेथे ओळीने छापलेले होते: ध्वनी, नामांची रूपे, क्रियापदांची रूपे, लोकांच्या तोंडून घेतलेल्या गोष्टी आणि शेवटी शब्दसंग्रह. त्याहून जुना पुरावा म्हणजे ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड, तो 1905 चा. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीतून सांगवून घेण्याची त्यांची पद्धत होती, त्यामुळे एकच मुलगा पानापानांवर वेगवेगळ्या बोलींत बापाकडे परत येत राहतो. घाटग्यांचे पुस्तक मी दोन दिवस खोलीत ठेवून वाचले. मात्र ते इंग्रजीत आणि ध्वनिलिपीत आहे, म्हणजे ज्यांच्या बोलीचे ते व्याकरण आहे त्यांना ते वाचता येणार नाही, हा त्यातला विनोद मला तेव्हाही कळला होता.

त्या वाचनातून जे हाती लागले त्यांतले एक मी दरवर्षी नववीला सांगते. प्रमाण मराठीत घोडा, वारा, आंबा. आमच्याकडे घोडो, वारो, आंबो. मुले ‘तो इलो’ असे लिहितात आणि आपण गावंढळ लिहिले असे समजून स्वतःच खोडतात. आता महाराष्ट्री प्राकृतात अकारान्त पुल्लिंगी नामाची प्रथमा ओकारान्त असते, देवो, पुत्तो अशी. संस्कृत ‘घोटक’ पासून प्राकृतात ‘घोडओ’ झाले, आणि शेवटच्या दोन स्वरांचा मेळ देशावर ‘आ’ असा बसला तर कोकणात, गुजरातीत आणि राजस्थानी बोलींत ‘ओ’ असा बसला. दोन्ही वाटा एकाच ठिकाणाहून निघाल्या. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात प्राकृतालाही तो मिळाला, हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात आणि कोणी तरी हमखास विचारते, “म्हणजे बाई, आमचीच मराठी खरी?” तेव्हा मला घाईने लगाम ओढावा लागतो. जुने म्हणून शुद्ध, हा तर्क प्रमाणभाषेच्या अभिमान्यांनी केला काय आणि बोलीच्या अभिमान्यांनी केला काय, सारखाच पोकळ आहे. आम्ही ‘ओ’ राखला पण वीस आणि विळ्यातला ‘व’ गमावला. पुण्याने ‘व’ राखला पण ‘ओ’ सोडला. सगळे जुने जपून ठेवणारी बोली मला तरी अजून भेटलेली नाही.

भाषाविज्ञानाने माझ्या कानांना जे शिकवले त्याचा खरा उपयोग मात्र परक्या मुलांच्या बाबतीत झाला. देवगडच्या हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे येऊन राहू लागल्याला बरीच वर्षे झाली. बागेतल्या मांगरात त्यांचा संसार असतो आणि मुले आमच्या शाळांत येतात. गेल्या वर्षी पाचवीत अशी एक मुलगी होती आणि तिच्याच बाकावर फरशी बसवणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या कारागिराचा मुलगा. दोघेही वाचताना अडखळत, पण नेमके उलट अडखळत. तो ‘चोर’ आणि ‘जास्त’ हे शब्द ‘चंद्र’ आणि ‘जीव’ यांच्यासारखे उच्चारी. ती ‘चार आंबे’ असे वाचताना ‘गुरांना चार’ मधला ‘चार’ उच्चारी. वर्ग दोघांनाही हसे. वर्गाला मी विचारले की आपण ‘च’ किती प्रकारे उच्चारतो, तर सर्वांनी एकमुखाने सांगितले, “एकच!” आणि लगेच दोन्ही प्रकारे उच्चारूनही दाखवला.

मराठीत च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. एकात जिभेचा मधला भाग टाळूला लागतो, दुसऱ्यात जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी जाते. हा भेद केवळ लकबीचा नाही. ‘हे जग’ आणि ‘तू शंभर वर्षे जग’ यांतले दोन ‘जग’ लिहिताना एकच असले तरी कानाला दोन शब्द आहेत. त्यातही पुन्हा शिस्त आहे: ‘माझा’ मध्ये जीभ दाताशी जाते आणि ‘माझी’ म्हणताच टाळूकडे वळते, कारण पुढचा ‘ई’ तिला तिकडे ओढतो. हिंदीत यांतला टाळूचा उच्चारच आहे, नेपाळीत दाताजवळचा. म्हणजे त्या दोन मुलांपाशी एकेक ध्वनी होता, आमच्यापाशी दोन, आणि लिपीत अक्षर एकच. ज्याला मराठी आधीच येते त्यालाच वाचता यावे अशी ही व्यवस्था. पूर्वी मी त्यांना ‘नीट ऐका आणि म्हणा’ असे सांगितले असते. परंतु आपल्या भाषेत नसलेला भेद नुसता ऐकून सापडत नाही, त्याची जागा दाखवावी लागते. म्हणून सगळ्या वर्गाला ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणण्याच्या तयारीत जीभ रोखून धरायला लावले आणि ती कोठे टेकली आहे ते बोटाने दाखवायला सांगितले. पंधरा मिनिटे वर्गात विचित्र शांतता होती. मराठी मुलांनाच जास्त आश्चर्य वाटले.

शुद्धलेखनाबद्दल मात्र थोडक्यातच सांगते, कारण त्यावर आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली चौदा नियम केले आणि 1972 साली त्यांत आणखी चारांची भर घातली. ते मी शिकवते आणि त्यांप्रमाणे गुणही कापते. पण मराठीच्या आपल्या शब्दांत ह्रस्व-दीर्घ बहुधा जागेवरून ठरते, पीठ-पिठाला, फूल-फुलाला असे; केवळ त्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या दिन-दीन, सुत-सूत यांसारख्या जोड्या मुख्यतः संस्कृतातून आलेल्या शब्दांत सापडतात. हे कळल्यापासून वेलांटीची चूक आणि वाक्य न जुळण्याची चूक मी एका मापाने मोजत नाही. पूर्वी एकाच लाल शाईने दोन्ही सारख्याच रंगत.

व्याकरणाचा तास हा तर मुलांच्या आणि माझ्याही शिक्षेचा तास होता. ‘मी आंबा खाल्ला’ यातला ‘मी’ तृतीयेत आहे असे मी सांगे आणि मुले लिहून घेत, कारण प्रत्यय दिसत नसताना तृतीया कशी, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. आता मी उत्तर सांगत नाही, वाक्ये देते: त्याने आंबा खाल्ला, तिने आंबा खाल्ला, मी आंबा खाल्ला, तू आंबा खाल्लास. मग आंब्याच्या जागी कैरी आणि फळ. ‘ने’ तिसऱ्या पुरुषातच दिसतो आणि पहिल्या-दुसऱ्यात लपतो, क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघते, हे मुले दहा मिनिटांत स्वतः काढतात. एकदा एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, खाल्ला हे आंब्याचं ऐकतं, पण खाल्लास मधला ‘स’ तर तू चा आहे. म्हणजे ते दोघांचं ऐकतं?” व्याकरणाच्या पुस्तकात यालाच कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात, तिने त्याचे नाव न ऐकताच तो शोधून काढला होता. मला स्वतःला ‘संकर’ हा शब्द आवडत नाही. त्यात काही भेसळ झाल्याचा वास येतो आणि मुलीने सांगितलेले ‘दोघांचे ऐकणे’ अधिक अचूक आहे. अशा वेळी मला मोरो केशव दामले आठवतात. 1911 साली आलेल्या त्यांच्या जाडजूड व्याकरणात ते आधीच्या वैयाकरणांची मते एकेक करून तपासतात आणि पटले नाही तर भांडतात. ते केशवसुतांचे धाकटे भाऊ. मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान पाहायला शाळांच्या सहली जातात, तेथे मुले कवितेच्या ओळींसमोर उभी राहतात. धाकट्या भावाचे नाव मात्र मलाच आवर्जून सांगावे लागते.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मी लाल पेन टाकून दिला आहे. तसे नाही. दहावीची उत्तरपत्रिका कोणत्या तरी दूरच्या गावी, आमची बोली न ऐकलेल्या परीक्षकापुढे जाते आणि तेथे ‘इळो’ची प्राकृत वंशावळ सांगायला मी हजर नसते. शाळेत भेटायला आलेली एक मासे विकणारी बाई मला स्पष्ट म्हणाली होती, “बाई, तेका चांगली मराठी शिकवा, आमच्यासारखी नको.” तिच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी आज्ञा म्हणून मानते. प्रमाणभाषा ही त्या मुलाच्या हक्काची गोष्ट आहे आणि बोलीच्या प्रेमापोटी ती त्याच्यापासून दूर ठेवण्याचा मला अधिकार नाही. बोली वाचवा म्हणून व्यासपीठावरून सांगणाऱ्यांची मुले कोणत्या माध्यमात शिकतात ते आपण सगळे जाणतो. वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला कसे उत्तर द्यावे हे मात्र मला तेव्हा सुचले नाही. तिच्या मुलाच्या निबंधात मी एकदा ‘सुकती’ खोडून ‘ओहोटी’ लिहिले होते. सुकणे या साध्या मराठी धातूपासून आलेला, पाणी मागे गेले की काय होते ते नेमके दाखवणारा तो शब्द. उधाण कधी आणि भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, कधी हे घड्याळाइतके अचूक सांगणाऱ्या घरातून आलेला. तो खोडण्याचे कारण एवढेच होते की तो धड्यात नव्हता. ती चूक माझी, आणि ती वहीत माझ्या नावाने नोंदलेली आहे.

शिकवण्याची रीत बदलली ती अशी की आता दोन्ही भाषा पानावर शेजारी शेजारी येतात. सातवीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘मी काल शाळेत येऊ नाही.’ घाटावरून आलेल्या सहकाऱ्याला ते वाक्य निरर्थक वाटले आणि त्यांची काही चूक नव्हती. पण आमच्याकडे ‘मी इलंय’ याचा नकार ‘मी येऊक नाय’ असा होतो. त्या मुलाने ‘क’ गावठी समजून काढला, ‘नाय’चे ‘नाही’ केले, आणि आपले वाक्य पुस्तकी झाले असे त्याला वाटले. शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा घरचाच राहिला. ‘येऊ नाही’ खोडून ‘आलो नाही’ असे वर लिहिल्याने त्याला काहीच कळले नसते. डावीकडे ‘येऊक नाय, करूक नाय, जाऊक नाय’ आणि उजवीकडे ‘आलो नाही, केले नाही, गेलो नाही’ अशी दोन रकान्यांत मांडणी केल्यावर तो स्वतःच म्हणाला, “म्हणजे हयसर आलो ठेवूचो आणि नाही फुडे लावूचो.” डाव्या रकान्याला काय नाव द्यायचे हे त्याने विचारले. मी ‘घर’ असे लिहायला सांगितले.

पाचवीतली ती नेपाळी मुलगी आता सहावीत आहे. घरी ती नेपाळी बोलते, बाजारात हिंदी, आणि मराठी ती शिकली आहे मधल्या सुट्टीत, खळ्यात लंगडी घालताना. वर्षाच्या सुरुवातीला जी चाचणी होते तीत ती मराठीत कच्ची ठरली आणि तसे कागदावर नोंदलेही गेले. मागच्या आठवड्यात मी गृहपाठाच्या वह्या गोळा करत होते. ती रिकाम्या हातांनी उठली आणि खाली मान घालून म्हणाली, “बाई, माका येळ गावाक नाय.”

‘येळ’ मधला ‘य’ बरोबर होता, ‘माका’ मधला ‘का’ बरोबर होता, आणि नकाराचा तो सांगाडा, जो रकाने आखून मला उलटा शिकवावा लागतो, तो तर जसाच्या तसा होता. हे तिला कोणीही शिकवले नव्हते. मी वही उघडली, तारीख घातली आणि वाक्य उतरवून घेतले. आठ वर्षे मी वर्गात एक शब्दही मालवणी बोलले नव्हते आणि नंतरही ते फारसे जमले नाही, तरी त्या दिवशी ‘उद्या आण’ असे सांगताना तोंडून आपोआप गेले, “बरां. फाल्यां हाड.”